मोटारीच्या कॅन बसला आर्डुइनो किंवा ईएसपी३२ जोडणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुढील प्रश्न यवतमाळ, वर्धा, अमरावती आणि चंद्रपूर या जिल्ह्यांच्या ग्रामीण भागातून, आयटीआयचे विद्यार्थी, तालुक्याच्या ठिकाणचे गॅरेजचालक आणि प्रयोगाची आवड असलेले शेतकरी यांच्याकडून सातत्याने येत असतात. ज्यांना मल्टिमीटर वापरता येतो आणि आर्डुइनोवर एखादा साधा प्रोग्रॅम चढवता येतो, अशा वाचकांना गृहीत धरून ही उत्तरे लिहिली आहेत. येथील सर्व विवेचन गाडीचे संदेश वाचण्यापुरते आणि ओबीडीच्या, म्हणजे गाडीतील बिघाड-तपासणीच्या ठरलेल्या व्यवस्थेच्या, प्रमाणित विचारणांपुरते मर्यादित आहे. ते तसे का, याचे उत्तर प्रश्न १२ मध्ये मिळेल.

१. कॅन बस म्हणजे नेमके काय, आणि ती गाडीत कशासाठी असते?

कंट्रोलर एरिया नेटवर्क, म्हणजेच कॅन, ही दोन तारांवर चालणारी संदेशवहनाची पद्धत आहे. जर्मनीतील बॉश कंपनीने १९८३ मध्ये तिच्यावर काम सुरू केले आणि १९८६ मध्ये ती जाहीर केली. इंजिन, ब्रेक, स्टिअरिंग, डॅशबोर्ड यांचे नियंत्रण करणाऱ्या छोट्या संगणकांना ईसीयू म्हणतात. प्रत्येक ईसीयूपासून प्रत्येक ईसीयूपर्यंत वेगळी तार ओढायची, तर गाडीत तारांचे जंजाळ होईल. त्याऐवजी सर्व ईसीयू याच दोन तारांना जोडलेले असतात आणि एकाने पाठवलेला संदेश सर्वांना ऐकू येतो.

या संदेशावर, म्हणजे फ्रेमवर, कोणाचा पत्ता नसतो. तो कशाविषयी आहे हे सांगणारा क्रमांक असतो. हा आयडी ११ किंवा २९ बिटांचा असतो आणि त्यामागे जास्तीत जास्त ८ बाइटची माहिती असते. दोन ईसीयू एकाच क्षणी बोलू लागले, तर ज्याचा आयडी लहान त्याचा संदेश अखंड पुढे जातो आणि दुसरा आपोआप थांबतो. ब्रेकचा संदेश काचेच्या संदेशामागे खोळंबत नाही, तो या व्यवस्थेमुळे. मात्र संदेश खरोखर कोणी पाठवला हे तपासण्याची कोणतीही सोय मूळ कॅनमध्ये नाही.

२. माझ्या गाडीत कॅन आहे की नाही, हे कसे ओळखावे?

स्टिअरिंगखाली, बहुधा चालकाच्या गुडघ्याजवळ, १६ पिनांचे ओबीडी सॉकेट शोधावे. त्यातील ६ आणि १४ क्रमांकाच्या जागी धातूच्या पिना असतील, तर गाडीत कॅन असण्याची दाट शक्यता आहे. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज-६ लागू झाले असून त्यानंतरच्या मोटारींत ती सामान्यतः असतेच. त्याआधीच्या गाड्यांबाबत केवळ वर्षावरून अंदाज बांधू नये, पिना पाहाव्यात.

फक्त ७ क्रमांकाची पिन भरलेली असेल, तर ती गाडी के-लाइन या जुन्या, एका तारेच्या पद्धतीवर चालते. तिचा वेग सेकंदाला सुमारे १०,४०० बिट इतका संथ असतो आणि तिच्यासाठी एल९६३७डी यासारखी वेगळी चिप लागते. खाली वर्णन केलेले कोणतेही कॅन मॉड्यूल तेथे चालणार नाही. सॉकेटच नसलेल्या जुन्या जीपगाड्यांच्या मालकांनी हा नाद सोडून तापमान आणि बॅटरीचे व्होल्टेज मोजणारे स्वतंत्र सेन्सर लावावेत. ते काम अधिक सोपे आहे आणि उपयोगही जास्त आहे.

३. आर्डुइनो उनो घ्यावा की ईएसपी३२? आणि सोबत काय लागते?

दोन भाग वेगळे समजून घ्यावेत. कॅन कंट्रोलर फ्रेम तयार करतो व तपासतो, तर ट्रान्सीव्हर त्या फ्रेमचे तारांवरील व्होल्टेजमध्ये रूपांतर करतो. बोर्डाला हे दोन्ही लागतात.

प्रचलित आर्डुइनो उनोमध्ये, म्हणजे आर३ मध्ये, कंट्रोलर नाही. त्यामुळे त्याला एमसीपी२५१५ हा कंट्रोलर आणि टीजेए१०५० हा ट्रान्सीव्हर एकाच पट्टीवर असलेले निळे मॉड्यूल जोडतात. ईएसपी३२ मध्ये कंट्रोलर आतच असतो, कंपनीच्या कागदपत्रांत त्याला टीडब्ल्यूएआय म्हटले आहे, म्हणून त्याला केवळ एसएन६५एचव्हीडी२३० सारखा ३.३ व्होल्टवर चालणारा ट्रान्सीव्हर पुरतो. निळे मॉड्यूल ईएसपी३२ ला थेट जोडू नये, कारण टीजेए१०५० ला ५ व्होल्ट लागतात आणि ५ व्होल्टची संकेत-पातळी ईएसपी३२ च्या पिनांना सोसत नाही.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी उनो व निळे मॉड्यूल घ्यावे, असे आमचे मत आहे. ते मंद आहे, पण त्याचा ‘फक्त ऐकण्याचा’ मोड, म्हणजे बसवर काहीही न टाकता केवळ वाचण्याचा मोड, विश्वासार्ह आहे (ईएसपी३२ च्या त्रुटीसाठी प्रश्न ८ पाहावा). साहित्य नागपूरला सीताबर्डीच्या इलेक्ट्रॉनिक्स दुकानांत किंवा टपालाने मिळते. एकाऐवजी दोन मॉड्यूल मागवावीत. त्याचे कारण प्रश्न ९ मध्ये आहे.

४. ओबीडी सॉकेटच्या कोणत्या पिना वापरायच्या?

६ ही कॅन हाय, १४ ही कॅन लो, ४ आणि ५ या ग्राउंडच्या, तर १६ ही बॅटरीच्या धन टोकाची पिन. उरलेल्या पिनांना हात लावू नये, कारण त्यांपैकी काही कंपन्यांनी आपापल्या कामांसाठी वापरलेल्या असतात.

तारा टोचून किंवा मूळ वायरिंग सोलून जोडणी करण्यापेक्षा तयार ओबीडी प्लग घेऊन त्याला सोल्डर करावे. कॅन हाय आणि कॅन लो या तारा एकमेकींभोवती पिळलेल्या असाव्यात. लॅन केबलमधील एक जोडी यासाठी उत्तम चालते. लांबी जितकी कमी तितके बरे. मॉड्यूलची ग्राउंड आणि गाडीची ग्राउंड जोडणे विसरू नये. लॅपटॉपवर नोंदी पाहताना तो चार्जरवर न ठेवता स्वतःच्या बॅटरीवर चालवावा. ज्या घरांत अर्थिंग धड नाही, आणि गावाकडे अशी घरे कमी नाहीत, तेथे चार्जरमधून येणारे गळतीचे व्होल्टेज यूएसबीमार्गे बोर्डात आणि बोर्डातून गाडीत उतरू शकते.

५. मॉड्यूलवर १२० ओहमचा रोध आहे. तो ठेवायचा की काढायचा?

गाडीला जोडताना काढायचा. टेबलावर प्रयोग करताना ठेवायचा.

कॅनच्या मुख्य तारेच्या दोन्ही टोकांना प्रत्येकी १२० ओहमचा रोध असतो, जेणेकरून संकेत टोकावर आदळून परत फिरू नये. हे दोन रोध समांतर असल्याने गाडी पूर्ण बंद करून, बॅटरीचे ऋण टोक सोडवून ६ आणि १४ या पिनांमध्ये मल्टिमीटर लावल्यास सुमारे ६० ओहम दिसतात. आपल्या मॉड्यूलवरील रोध तसाच राहिला, तर हेच माप ४० ओहमवर येते आणि संकेत दुबळा होतो. बऱ्याच गाड्या तरीही चालत राहतात, म्हणून ही चूक लपून राहते आणि उन्हाळ्यात किंवा जुन्या, गंजलेल्या जोडण्यांमध्ये अचानक त्रास देते.

निळ्या मॉड्यूलवर हा रोध जंपरने काढता येतो. एसएन६५एचव्हीडी२३० च्या अनेक पट्ट्यांवर तो थेट सोल्डर केलेला असतो. त्यावर ‘१२१’ असे छापलेले असते. तो सोल्डरिंग गनने उचलावा लागतो. गेटवे असलेल्या गाड्यांत (प्रश्न ११) सॉकेटवरील माप ६० ऐवजी वेगळे येऊ शकते, त्यावरून लगेच बिघाडाचा निष्कर्ष काढू नये.

६. बोर्डाला वीज गाडीतूनच द्यावी का? बॅटरी उतरणार नाही ना?

देता येते, परंतु ‘१२ व्होल्ट’ हे नाव फसवे आहे. इंजिन चालू असताना हेच व्होल्टेज १४ च्या पुढे जाते, स्टार्टर फिरताना ते एकदम खाली येते आणि अल्टरनेटरवरील भार अचानक सुटला तर क्षणिक मोठा झटका येतो. उनोच्या आतील रेग्युलेटर इतक्या फरकावर तापतो. म्हणून १ अँपिअरचा फ्यूज, त्यामागे झटका शोषणारा टीव्हीएस डायोड आणि मग ५ व्होल्ट देणारा बक कन्व्हर्टर, अशा क्रमाने जोडणी करावी.

१६ क्रमांकाची पिन चावी काढली तरी चालूच राहते. बोर्डाने बॅटरीतून सतत ५० मिलिअँपिअर घेतले, तर दिवसाला १.२ अँपिअर-अवर खर्च होतात. म्हणजे पेरणीच्या धांदलीत पंधरवडाभर उभ्या राहिलेल्या गाडीची ३५ अँपिअर-अवरची बॅटरी केवळ या बोर्डामुळे निम्मी रिकामी होऊ शकते. चावीबरोबर बंद होणाऱ्या सॉकेटातून वीज घेणे हा सर्वांत सरळ उपाय आहे.

उन्हाचा विचार वेगळा करावा लागतो. मे महिन्यात चंद्रपूर, नागपूर, अकोल्याकडे सावलीतले तापमान ४५ अंशांच्या पुढे जाते तेव्हा बंद गाडीत काचेखाली ठेवलेली वस्तू ६० अंशांच्या वर सहज तापते. तेथे पॉवर बँक किंवा लिथियमचा सेल कधीही ठेवू नये. बोर्ड डॅशबोर्डवर न ठेवता सीटखाली, बंद डबीत ठेवावा. ब्रेडबोर्डवरची जोडणी गावरस्त्यांच्या खड्ड्यांत टिकत नाही, त्यामुळे पक्के सोल्डरिंग हवे. पावसाळ्यात गाडी गोठ्याशेजारी उभी राहत असेल, तर उंदरांचाही बंदोबस्त करावा. नवी, मऊ तार त्यांना विशेष आवडते.

७. सर्व जोडले, तरी एकही फ्रेम दिसत नाही. आता काय तपासावे?

आमच्याकडे येणाऱ्या प्रश्नांत हा सर्वाधिक वेळा येतो आणि त्याची कारणे फार थोडी आहेत.

पहिले कारण क्रिस्टल, म्हणजे कंट्रोलरच्या घड्याळाचा वेग ठरवणारा भाग. निळ्या मॉड्यूलवरील चांदीच्या रंगाच्या डबीवर ८.००० किंवा १६.००० असे छापलेले असते. लायब्ररीत १६ मेगाहर्ट्झ गृहीत धरले आणि मॉड्यूल ८ चे निघाले, तर प्रत्यक्ष वेग निम्मा होतो आणि काहीही वाचता येत नाही. दुसरे कारण बसचा वेग. मोटारींच्या ओबीडी सॉकेटवर तो बहुधा सेकंदाला ५०० किलोबिट असतो, काही गाड्यांत २५०, तर आतील दरवाजे-खिडक्यांच्या स्वतंत्र बसवर १२५ किंवा त्याच्या आसपास आढळतो. ‘फक्त ऐकण्याच्या’ मोडमध्ये राहून हे वेग एकामागून एक तपासावेत. तिसरे कारण म्हणजे हाय आणि लो यांची अदलाबदल. तिने कायमचे नुकसान होत नाही, पण वाचन होत नाही.

चावी चालू करून मल्टिमीटरने ग्राउंडच्या संदर्भात मोजले असता ६ क्रमांकाच्या पिनेवर २.५ व्होल्टपेक्षा किंचित जास्त आणि १४ वर किंचित कमी व्होल्टेज दिसले, तर बस जिवंत आहे असे समजावे. दोन्हीकडे नेमके २.५ च्या आसपास स्थिर असेल, तर बसवर कोणी बोलतच नाही. तेव्हा प्रश्न ११ पाहावा. ईएसपी३२ वापरणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे की ट्रान्सीव्हरची टीएक्स पिन बोर्डाच्या टीएक्सलाच जोडायची असते, सिरियल पोर्टप्रमाणे उलटसुलट नव्हे.

८. बोर्ड जोडताच डॅशबोर्डवरचे दिवे लागले आणि स्टिअरिंग जड झाले. गाडी बिघडली का?

बहुधा नाही. चावी बंद करून बोर्ड काढावा, काही मिनिटे थांबून गाडी पुन्हा सुरू करावी. राहिलेल्या दिव्यांसाठी प्रश्न १६ पाहावा.

कारण असे असते. सामान्य मोडमधील प्रत्येक कंट्रोलर बसवर लक्ष ठेवतो आणि एखादी फ्रेम चुकीची वाटली तर ‘चूक आहे’ असा संकेत तारांवर टाकून ती सर्वांसाठी रद्द करतो. आपला बोर्ड चुकीच्या वेगावर असेल, तर त्याला गाडीची प्रत्येक फ्रेम चुकीची वाटते आणि तो गाडीचे निरोगी संभाषण मोडत सुटतो. पुढे चुकांचा हिशेब ठेवणारा त्याचा गणक १२७ ओलांडतो तेव्हा तो मवाळ होतो आणि इतरांच्या फ्रेम मोडू शकत नाही. पाठवताना होणाऱ्या चुकांचा गणक २५५ च्या पुढे गेला, तर कंट्रोलर बसवरून स्वतःच दूर होतो. मधला काळ मात्र धोक्याचा असतो. चालत्या गाडीत, विशेषतः चिखलदऱ्यासारख्या घाटात, हा प्रयोग अजिबात करू नये.

म्हणून पहिली जोडणी नेहमी गाडी उभी, हँडब्रेक ओढलेला आणि बोर्ड ‘फक्त ऐकण्याच्या’ मोडमध्ये, अशीच करावी. एमसीपी२५१५ हा मोड नीट पाळतो. ईएसपी३२ च्या कंट्रोलरमध्ये मात्र एक ज्ञात त्रुटी आहे: या मोडमध्येही चूक आढळल्यास तो तारांवर संकेत टाकतो. कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये यावर पळवाट दिलेली आहे. ती चालू आहे की नाही याची खात्री नसल्यास ट्रान्सीव्हरची टीएक्स पिन बोर्डापासून सोडवून ३.३ व्होल्टला बांधावी. मग बोर्डाने काहीही केले तरी बसवर एक बिटही जाऊ शकत नाही. ऐकणेच पुरेसे असलेल्या प्रकल्पांत आम्ही हीच जोडणी कायमची सुचवतो.

९. टेबलावर एकच बोर्ड ठेवून फ्रेम पाठवली, तर तीच फ्रेम न थांबता परत परत का जाते?

पोच देणारे कोणी नाही म्हणून. कॅनमध्ये प्रत्येक फ्रेमच्या शेवटी किमान एका दुसऱ्या कंट्रोलरने पोच द्यावी लागते. ती न मिळाल्यास पाठवणारा पुन्हा पाठवतो. ‘फक्त ऐकणारा’ दुसरा बोर्ड ठेवून उपयोग नाही, कारण तो पोच देत नाही. दोन्ही बोर्ड सामान्य मोडमध्ये, दोन्हींवर १२० ओहमचे रोध आणि दोन तारा, अशी मांडणी करावी.

गाडीला हात लावण्याआधी काही दिवस या दोन बोर्डांवरच काढावेत. भंगारात मिळालेला एखादा डॅशबोर्डचा क्लस्टर जोडता आला तर शिकण्यासाठी त्याहून चांगले साधन नाही, कारण तेथे वाटेल ते पाठवण्यास हरकत नसते.

१०. इंजिनाचे फेरे आणि पाण्याचे तापमान गाडीकडून कसे मागवायचे?

ओबीडीच्या प्रमाणित विचारणेने. यासाठी बोर्ड सामान्य मोडमध्ये आणावा लागतो, म्हणून आधी प्रश्न ७ प्रमाणे वेग निश्चित झालेला असावा.

पुढील आयडी, क्रमांक आणि संदेशांतील बाइट हेक्साडेसिमल पद्धतीचे आहेत, गणितातील आकडे मात्र दशमान आहेत. आयडी ७डीएफ, म्हणजे दशमान २०१५, वर ‘०२ ०१ ०सी’ आणि पुढे पाच शून्य बाइट पाठवावेत. यात ०२ म्हणजे पुढे दोन उपयुक्त बाइट आहेत, ०१ म्हणजे सध्याची माहिती हवी आहे आणि ०सी म्हणजे फेरे. इंजिनाचा ईसीयू बहुधा ७ई८ या आयडीवर उत्तर देतो. ते ‘०४ ४१ ०सी १ए एफ८’ असे आले, तर शेवटचे दोन बाइट दशमानात २६ आणि २४८ होतात. २६ ला २५६ ने गुणून त्यात २४८ मिळवले की ६९०४ येतात, आणि त्याला ४ ने भागले की मिनिटाला १७२६ फेरे.

तापमानासाठी ०सी च्या जागी ०५ घालावे आणि आलेल्या एका बाइटमधून ४० वजा करावेत. वेगासाठी ०डी, तेथे आलेला आकडा थेट ताशी किलोमीटर असतो. आपली गाडी यांपैकी काय काय सांगते, हे ०० या क्रमांकाने विचारता येते. सेकंदाला पाच-दहा विचारणा पुरेशा आहेत.

चेसिस क्रमांक मागवताना उत्तर ८ बाइटमध्ये मावत नाही. पहिला तुकडा मिळाल्यावर ७ई० या आयडीवर ‘३० ०० ००’ अशी परवानगी पाठवली तरच पुढचे तुकडे येतात. अनेकांचे प्रोग्रॅम येथेच अडकतात.

११. विचारले तर उत्तर मिळते, पण आपणहून एकही फ्रेम येत नाही. असे का?

आपल्या गाडीत गेटवे आहे. हा मधला ईसीयू आतील बस आणि ओबीडी सॉकेट यांना वेगळे ठेवतो आणि केवळ विचारणा व उत्तरे यांनाच वाट देतो. अलीकडच्या गाड्यांत तो वाढत चालला आहे, आणि त्यामागे कारणही आहे: २०१५ मध्ये अमेरिकेत चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक यांनी एका जीप चेरोकीचा ताबा दुरून इंटरनेटवरून घेऊन दाखवला आणि कंपनीला सुमारे १४ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. गेटवेच्या मागे जाऊन तारा टोचण्याचा सल्ला आम्ही देत नाही. अशा गाडीत प्रश्न १० मधील पद्धतीवर समाधान मानावे.

१२. मोबाइलवरून दरवाजे उघडणे, काचा वर करणे अशा आज्ञा पाठवता येतील का?

तांत्रिकदृष्ट्या काही गाड्यांत शक्य आहे, तरीही पाठवू नयेत. एकच आयडी दोघे वापरू लागले की खरा ईसीयू आणि आपला बोर्ड यांच्यात परस्परविरोधी संदेशांची चढाओढ लागते, आणि कोणत्या फ्रेमचा अर्थ आणखी कोठे घेतला जातो हे बाहेरून कळत नाही. याशिवाय मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलांशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत, आणि अपघात झाल्यास विमा कंपनी अशा जोडणीवर बोट ठेवण्याची शक्यता असतेच. वाचून झाल्यावर प्लग काढून ठेवणे, हा वॉरंटीतील गाड्यांसाठी आमचा आग्रहाचा सल्ला आहे.

१३. ड्रायव्हर डिझेल किती जाळतो, हे आमच्या पिकअपमध्ये मोजता येईल का?

कापूस वाहणाऱ्या पिकअपचे मालक हा प्रश्न हटकून विचारतात, आणि इंटरनेटवर मिळणारे सूत्र त्यांना चुकीचे उत्तर देते. ते सूत्र पेट्रोलसाठी आहे: इंजिनात जाणारी हवा, ओबीडीचा हेक्स क्रमांक १०, घ्यायची, तिला १४.७ ने भागून इंधनाचे ग्रॅम काढायचे आणि त्यांचे लिटर करायचे. पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधन यांचे प्रमाण जवळपास ठरलेले असते, म्हणून ते चालते; २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी १४.७ ऐवजी सुमारे १३.५ घ्यावेत. सेकंदाला १० ग्रॅम हवा जात असेल, तर ताशी साडेतीन लिटरच्या आसपास खर्च निघतो. ज्या गाड्यांत हवा मोजणारा सेन्सर नसून केवळ दाब मोजणारा असतो, त्या १० ला उत्तरच देत नाहीत.

डिझेल इंजिन मात्र जास्तीच्या हवेवरच चालते आणि हे प्रमाण भारानुसार सतत बदलते. तेथे हेक्स क्रमांक ५ई, म्हणजे इंधनाचा थेट दर, गाडी देत असेल तरच मोजमाप खरे. बऱ्याच गाड्या तो देत नाहीत. अशा वेळी टाकी पूर्ण भरून किलोमीटर लिहिण्याची पद्धत बोर्डापेक्षा अचूक ठरते. ड्रायव्हरने इंजिन उभ्या गाडीत किती वेळ चालू ठेवले आणि फेरे किती चढवले याची नोंद बोर्डाने ठेवावी. ड्रायव्हरशी बोलताना तीच जास्त उपयोगी पडते. मेळघाटासारख्या भागात मोबाइलची रेंज सलग नसल्याने या नोंदी इंटरनेटवर न पाठवता एसडी कार्डावर साठवाव्यात.

१४. ट्रॅक्टरला हेच मॉड्यूल चालेल का?

आधी ट्रॅक्टरला ईसीयू आहे का ते पाहावे. ५० अश्वशक्तीपेक्षा मोठ्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून प्रदूषणाचे कडक मानक लागू झाले आणि त्यांत इलेक्ट्रॉनिक इंधन-नियंत्रण आले. आपल्याकडील बहुतेक ट्रॅक्टर त्याहून लहान किंवा जुने असून त्यांचा डिझेल पंप पूर्णपणे यांत्रिक असतो. तेथे जोडण्यासाठी काहीच नाही.

मोठ्या, नव्या ट्रॅक्टरवर जे१९३९ ही पद्धत आढळते. मॉड्यूल तेच चालते, पण वेग बहुधा २५० किलोबिट असतो, आयडी २९ बिटांचा असतो आणि सॉकेट अनेकदा गोल, ९ पिनांचे असते. सोय अशी की येथे विचारावे लागत नाही: इंजिनाचे फेरे ६१४४४ या गटक्रमांकाच्या संदेशात आपणहून येत राहतात. त्यातील चौथा आणि पाचवा बाइट घ्यावा, पाचव्याला २५६ ने गुणून चौथा मिळवावा आणि ८ ने भागावे. त्यामुळे प्रश्न ८ मधील कायम मौन राखणारी जोडणी ट्रॅक्टरसाठी अगदी योग्य ठरते.

१५. नव्या गाडीत वेग बरोबर असूनही चुकाच चुका दिसतात. मॉड्यूल खराब आहे का?

ती बस कॅन एफडी असू शकते. बॉशने २०१२ मध्ये आणलेल्या या सुधारित पद्धतीत एका फ्रेममध्ये ६४ बाइटपर्यंत माहिती मावते आणि मधला भाग अधिक वेगाने जातो. एमसीपी२५१५ आणि मूळ ईएसपी३२ यांना अशी प्रत्येक फ्रेम चूक वाटते, त्यामुळे अशा बसवर त्यांना सामान्य मोडमध्ये क्षणभरही ठेवू नये. एमसीपी२५१८एफडी हा कंट्रोलर आणि त्याला साजेसा ट्रान्सीव्हर वापरावा.

१६. बोर्ड काढला, तरी चेक इंजिनचा दिवा जात नाही. काय करावे?

ईसीयूंचे आपसातील बोलणे तुटले की ‘यू’ या अक्षराने सुरू होणारे बिघाड-संकेत साठवले जातात. प्रश्न १० च्या पद्धतीने ‘०१ ०३’ पाठवल्यास ईसीयू साठवलेले संकेत सांगतो. आधी ते लिहून घ्यावेत. सर्व संकेत ‘यू’ चेच असतील, तर काही वेळा गाडी चालू-बंद केल्यावर दिवा आपोआप जातो. न गेल्यास ‘०१ ०४’ या आज्ञेने ते पुसता येतात. मात्र त्यामुळे उत्सर्जन-प्रणालीच्या स्वयंतपासण्यांच्या नोंदीही पुसल्या जातात आणि त्या पूर्ण होण्यासाठी पुन्हा काही दिवस गाडी चालवावी लागते. यादीत ‘पी’ ने सुरू होणारा एखादा संकेत असेल, तर तो बिघाड आधीपासून गाडीत असण्याची शक्यता मोठी आहे. तो पुसू नये, लिहिलेला कागद घेऊन मेकॅनिककडे जावे. एबीएस किंवा एअरबॅगचा दिवा या आज्ञेने जात नाही. त्यासाठी कंपनीचा किंवा त्या गाडीला चालणारा स्कॅनरच लागतो.